सात नंबरचं झाकण

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे गावात नवरे पुष्कळ होते आणि त्यांतले चार-दोन भोळेही असतील. पण केरबाइतका भोळा नवरा आसपासच्या दहा गावांत नाही, असं त्याची बायको हौसा म्हणायची. तिने दहा गावं हिंडून पाहिली होती अशातला भाग नाही. तिला घरबसल्याच खात्री पटलेली होती.

केरबा कामाला वाघ होता. सांगाल ते काम करायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेवढंच करायचा. एकदा हौसा म्हणाली, "मी येईस्तवर दारात हुभं ऱ्हावा. कुत्रं आत शिरतंय." ती परत आली तेव्हा कुत्रं चुलीपाशी बसून दुसरी भाकरी खात होतं आणि केरबा दारात ताठ उभा होता.

"अवं, कुत्रं आत गेलं की!"

"दारातनं न्हाई गेलं," केरबा म्हणाला. "खिडकीतनं गेलं. म्या बघितलं."

हौसा कुंभाराची लेक आणि कुंभाराची सून. माठ, चुली, पणत्या तर ती करायचीच, पण तालुक्याला दोन महिन्यांचं शिबिर झालं तिथे जाऊन ती झिलईचं कामही शिकली होती. गारगोटीची पूड, पांढरी माती आणि चुलीतली राख पाण्यात कालवायची, त्यात भाजलेलं भांडं बुडवायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. आतल्या आगीत तो लेप वितळतो आणि भांड्यावर काचेसारखी चकाकी चढते. घरामागच्या छपरात तिने चाक मांडलं होतं, विटांची लहान भट्टी बांधली होती आणि वजनाला सोनाराचा एक जुना काटा आणला होता. त्या काट्यावर ती झिलईला रंग देणारी तांबडी माती, म्हणजे काव, गुंजभर इतक्या हलक्या हाताने तोलायची की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

आता या घरात आत्याबाईंची बरणी कशी आली ते ऐका.

राधाआत्या ही केरबाची आत्या. केरबाची आई तो लहान असताना गेली, तेव्हा त्याला हिनेच वाढवलं. दरवर्षी कैऱ्यांच्या दिवसांत ती यायची, केरबाच्या परड्यातल्या आंब्याच्या कैऱ्या उतरवायची आणि आपल्या बरणीत वर्षाचं लोणचं घालून घेऊन जायची. बरणी होती चिनी मातीची, तिच्या आईने तिला लग्नात दिलेली. खालचा भाग लोण्यासारखा पांढरा, वरचा भाग आणि झाकण तांबूस. म्हणजे काहिलीत गूळ उतरवायला आला की जो रंग येतो, तो. माहेरची एवढी एकच वस्तू आत्याजवळ उरली होती. एस्टीत ती बरणी मांडीवर घेऊन बसायची, लेकुरवाळीसारखी.

त्या वर्षी आत्या आली आणि पाठोपाठ निरोप आला की तिच्या नातीचे दिवस भरलेत. आत्या आल्या पावली परत निघाली.

"बरणी हितंच ऱ्हाऊ दे," ती केरबाला म्हणाली. "म्होरल्याच्या म्होरल्या गुरुवारी येती. आन् हे बघ, बरणी जड हाय, तिला काय हुत न्हाई. झाकण तेवढं जप. झाकणाला धक्का लागला न्हाई पायजे."

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला.

झाकण कसं जपायचं याचा त्याने विचार केला. मागच्या वर्षी आत्याने आपली पान-सुपारीची चंची त्याच्याकडे दिली होती आणि सांगितलं होतं, 'कमरेला खोच, अंगावेगळी करू नगंस.' तेव्हा चंची काही हरवली नव्हती. म्हणून केरबाने झाकण टॉवेलात गुंडाळून कमरेला पाठीमागे घट्ट बांधलं, पारावर गेला, लोकांना रामराम केला आणि खाली बसला.

कटकन आवाज झाला.

पारावरचे लोक म्हणाले, "केरबा, ऊठ, काय तरी मोडलं." केरबा उठेना. अंगावेगळं करायचं नव्हतं. संध्याकाळी हौसा स्वतः येऊन त्याला उठवून घेऊन गेली, तेव्हा टॉवेलात तीन तुकडे निघाले.

हौसा तुकडे पदरात घेऊन बसली. तिला राग आला होताच, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. आत्याबाईंनी तिला कधी सुनेसारखं वागवलं नव्हतं, लेकीसारखं वागवलं होतं. आता त्या येणार, बरणीकडे बघणार, आणि आईची आठवण अशी तीन तुकड्यांत त्यांच्या हातात द्यायची! केरबाच्या डोळ्यांतही पाणी आलं. झाकण आपण इतकं जपलं तरी ते का फुटलं, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"रडू नगा," हौसाने डोळे पुसले. "दोन आठवडं हायीत. दुसरं झाकण करती. आकार जमंल मला. पण ह्यो रंग साधला तरच. न्हाईतर आत्याबाई लांबनंच वळखतील."

तिने राख, गार, पांढरी माती आणि काव यांची अकरा मिश्रणं ठरवली. प्रत्येकात थोडा थोडा फरक. अकरा वाडग्यांत अकरा मिश्रणं कालवायची, आधीच भाजून ठेवलेल्या अकरा लहान चकत्या एकेका वाडग्यात बुडवायच्या, भट्टीत घालायच्या, आणि तुकड्यांशी कुठली जुळते ते बघायचं. तिला चाकावर बसून झाकणं उतरवायची होती. म्हणून वजनं करून, कागदाच्या पुड्या बांधून दिल्यावर ती केरबाला म्हणाली, "ही एकेक पुडी एकेका वाडग्यात घाला, पाणी घाला आन् ढवळा."

केरबाने अकरा पुड्या घातल्या. म्हणजे कागदासकट घातल्या. पाणी घातलं आणि ढवळलं. वाडग्यांत कागदाचे बोळे, राखेतले कोळसे आणि एक भुईमुगाचं टरफल तरंगायला लागलं.

"अवं, गाळायचं नव्हतं व्हय?" हौसा म्हणाली. "वाडग्यात काय बी घालायचं म्हटलं की आदी वस्त्रगाळ करायचं. फडक्यातनं खाली जाईल ते वाडग्यात, वर ऱ्हाईल ते उकिरड्यावर."

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला.

दोघांनी मिळून सगळं पुन्हा केलं. मिश्रणं साईसारखी मऊ झाली. हौसाला बरं वाटलं. चकत्यांची टोपली केरबाच्या पुढे ठेवून ती म्हणाली, "आता ह्या चकत्या एकेक करून वाडग्यात घाला," आणि चाकावर जाऊन बसली.

घटकाभराने येऊन बघते तर वाडगे होते तसे, टोपली रिकामी, आणि केरबा फडकं झटकत बसलेला.

"चकत्या कुठं हायीत?"

"उकिरड्यावर."

"उकिरड्यावर?"

"लई वेळ हलवलं फडकं," केरबा म्हणाला. "एक बी खाली गेली न्हाई."

हौसाने उकिरड्यावर बसून अकरा चकत्या वेचल्या. दहा लगेच सापडल्या, अकरावीसाठी शेणात कोपरापर्यंत हात घालावा लागला. चकत्या धुता धुता तिला वाटलं, यांचं चुकलं नाही, आपलंच सांगायचं चुकलं. हे असं तिला लग्न झाल्यापासून वाटत आलं होतं.

"हे बघा," ती नीट समजावून म्हणाली, "कामाच्या वस्तूवर नंबर घालायचा. म्हंजे कुठली कुठली ते कळतं आन् ती कुणी टाकत न्हाई. चकतीच्या तळाला नंबर घाला, एक ते अकरा. वाडग्यांस्नी बी घाला, तळालाच, म्हंजे वरनं पाणी सांडलं तरी पुसायचा न्हाई."

"आता चुकायचा न्हाई."

केरबाने चकत्यांवर नंबर घातले. सुंदर घातले, शाळेत जेवढे शिकला होता तेवढे सगळे अंक त्याला वळणदार यायचे. मग तो वाडग्यांकडे वळला. नंबर घालायचा होता तळाला. त्याने पहिला वाडगा उचलला, उपडा केला आणि तळावर एक घातला. दुसरा उचलला, उपडा केला, दोन घातला. हौसा सरपण घेऊन आली तेव्हा छपरात अकरा वाडगे ओळीने पालथे घातलेले, प्रत्येकावर ठसठशीत नंबर, आणि तांबूस ओहोळ थेट परड्यापर्यंत गेलेला. त्यातून एक पांढरी कोंबडी चालली होती. तिचे पाय गुडघ्यापर्यंत विटकरी झाले होते.

"नंबर एकदम बरोबर हायीत," केरबा म्हणाला. "बघ पायजे तर."

हौसाने वाडगे एकेक करून सुलटे केले. मग डब्यांच्या तळाशी उरलंसुरलं होतं ते खरवडून तिने पुन्हा अकरा मिश्रणं केली. पहिल्यासारखं सगळं पुरेना, तेव्हा इथे चिमूटभर राख कमी, तिथे काव जास्त, असं अंदाजाने जमवलं आणि प्रत्येक अंदाज वहीच्या वेगळ्या कागदावर टिपून ठेवला.

"भरलेलं भांडं," ती एकेका शब्दावर जोर देत म्हणाली, "जन्मात उपडं करायचं न्हाई. काय बी झालं तरी. भरलेलं भांडं झाकून ठेवायचं."

"आता चुकायचा न्हाई."

या वेळी चकत्या तिने स्वतः बुडवल्या, भट्टीत स्वतः रचल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. लाकडं चांगली धरली. केरबा भरलेली घागर घेऊन शेजारी बसला होता. तेवढ्यात एक ठिणगी उडाली आणि परड्याच्या कुडावर पडली. वाळलेलं तुराट्यांचं कूड ते, भुरभुर पेटलं.

"अवं, घागर! घागर उपडी करा!" हौसा भट्टीच्या तोंडाशी अडकली होती, तिथूनच ओरडली.

केरबाने घागरीत डोकावून बघितलं. भरलेली होती. तो उठला, घरात गेला, ताटली घेऊन आला आणि घागर झाकली. मग विचार करून ताटलीवर एक दगडही ठेवला.

शेजारचे येसबाअण्णा धावत आले, त्यांनी ताटली भिरकावली आणि कूड विझवलं. अर्धं राहिलं. येसबाअण्णा म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा.

"केरबा, लेका, डोळं हायीत का बटणं?" ते गरजले. "जाळ दिसला, धूर दिसला की पाणी वतायचं! इचार करत बसायचं न्हाई!"

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला.

हौसाने हे ऐकलं. इतक्या दिवसांत नवऱ्याची चाल तिला थोडी कळायला लागली होती. ती घाईघाईने केरबासमोर येऊन उभी राहिली. "भट्टीवर न्हाई हं. भट्टीतनं धूर येणारच, जाळ बी दिसणारच. भट्टीवर थेंब सुदिक टाकायचा न्हाई. कळलं?"

"भट्टीवर न्हाई," केरबा म्हणाला. त्याने घागर पुन्हा भरून आणली आणि भट्टीकडे पाठ करून बसला, म्हणजे मोहच नको.

हौसाला आनंद झाला. पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या एक पाऊल पुढे गेली होती. तेवढ्यात येसबाअण्णा कट्ट्यावर टेकले, दमले होते बिचारे, आणि त्यांनी खिशातून विडी काढून पेटवली. धुराची एक रेघ वर गेली.

अख्खी घागर.

येसबाअण्णा पाण्याने निथळत उभे राहिले. विडी ओठांतच होती, भिजून लोंबत होती. "अरे, माणूस हाय ह्यो!" ते ओरडले. "आदी इचारायचं! काय बी करायच्या आदी माणसाला इचारायचं! इचारल्याबिगर हात हलवायचा न्हाई!"

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला. मग त्याला आठवलं आणि त्याने विचारलं, "अण्णा, डोस्कं पुसू का?"

भट्टी निवाली. हौसाने चकत्या काढल्या, म्हणजे छिन्नीने उचकटून काढल्या, कारण झिलई तळाला ओघळली होती आणि चकत्या भट्टीतल्या भाजलेल्या मातीच्या फळीला चिकटून बसल्या होत्या. एकेक चकती ती झाकणाच्या तुकड्याशेजारी धरून बघत होती. पहिली करपट, दुसरी हिरवट. तिसरी, चौथी, पाचवी नुसत्या मातकट. सहावी जरा जवळ आली. आणि सातवी तिने तुकड्याला लावली, तर कुठली चकती आणि कुठला तुकडा ते कळेना. काहिलीतल्या गुळाचा तोच रंग.

हौसा मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. केरबा घाबरला. "का रडाय लागलीस, इचारू का?"

"सात नंबर," ती म्हणाली. "जमलं वं. आत्याबाईंचा रंग घावला."

तिने वहीतून सात नंबरचा कागद फाडला. वाडगे सांडल्यावर अंदाजाने जमवलेलं मिश्रण ते, डोक्यात काहीच राहिलं नव्हतं, जे होतं ते या कागदावर. तिने तो दोन्ही हातांनी केरबाला दिला. "माझं हात भरल्यात. ह्यो जपून ठेवा. ह्यो हरवला तर ह्या रंगाला मी पुन्ना पोचायची न्हाई."

"कुठं ठिवू?" केरबाने विचारलं. विचारल्याशिवाय हात हलवायचा नव्हता.

"जिथं उंदीर शिरणार न्हाई, वारा लागणार न्हाई, आन् कुणी उपडं करणार न्हाई अशा ठिकाणी."

केरबाने घरभर हिंडून अशी जागा शोधली आणि कागद ठेवला. कुठे ठेवला ते त्याने सांगितलं नाही, कारण ते त्याला कुणी विचारलं नाही.

इकडे हौसाने तीन झाकणं उतरवून, वाळवून, कच्ची भाजून ठेवली होती. ती तिन्ही एकेक करून बरणीवर बसवून बघताना ती आपल्याशीच बोलत होती, "खरं तर बरणी आन् झाकण एकत्रच भाजायचं असतं. झाकण बरणीवर ठिवूनच भट्टीत घालायचं, म्हंजे दोनी एकाच मापानं आकसतात. पण ही पडली जुनी बरणी." तिसरं झाकण बरोबर बसलं. केरबा शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता आणि मान हलवत होता.

सात नंबरच्या वाडग्यात चकती बुडवून उरलेलं मिश्रण तिने पुन्हा ढवळलं, झाकण बुडवलं. चकत्या चिकटल्या होत्या ते तिच्या लक्षात होतं. "झिलई लागंल तिथं चिकटतंय," ती म्हणाली. "ओल्या फडक्यानं पुसा," आणि आंघोळीला गेली.

आली तेव्हा झाकण देवघरातल्या ताम्हणासारखं स्वच्छ होतं. झिलईचा कणही नव्हता.

"अवं, सगळी पुसली?"

"लागली हुती तिथं पुसली. सगळीकडंच लागली हुती."

"नुसती कड पुसायची हुती! इचारायचं न्हाई व्हय?"

"इचारलं की," केरबा म्हणाला. "येसबाअण्णांस्नी इचारलं. त्ये म्हणालं, पूस, पूस, आन् हिकडं येऊ नगंस."

वाडग्यात सात नंबर जेमतेम एकदा बुडवण्यापुरतं उरलं होतं. हौसाने झाकण शेवटचं बुडवलं. "आता ह्याला फडकं लावायचं न्हाई," ती म्हणाली. "वाळल्यावर कड माझी मी पुसती."

दुसऱ्या दिवशी बुधवार. गुरुवारी सकाळच्या एस्टीने आत्या येणार. भट्टी बुधवारीच पेटायला हवी होती आणि लोणच्याची मोहरी-मिरची कांडून आणायला हौसाला डंकावर जायला हवं होतं. निघताना ती दारात थांबली, बोटं मोजत म्हणाली, "झाकण भट्टीत ठेवा आन् भट्टी लावा. वस्त्रगाळ करायचं न्हाई. उपडं करायचं न्हाई. पाणी वतायचं न्हाई. पुसायचं न्हाई. टाकायचं न्हाई. झालं का?"

"झालं."

ती वळणाआड गेली तेव्हा केरबाने झाकण उचललं आणि भट्टीसमोर उभा राहिला. मग त्याला प्रश्न पडला. झाकण ठेवायचं तर कशावर ठेवायचं? मनाने करायचं नव्हतं. तो कुडापाशी गेला. अर्ध्या जळलेल्या कुडापलीकडे येसबाअण्णा खाटेवर पडले होते. केरबाला बघून त्यांनी विडी मागे लपवली.

"अण्णा, झाकण कशावर ठिवायचं?"

"झाकण कशावर ठिवत्यात रं?" अण्णा वैतागून म्हणाले. "बरणीवर!"

"म्या बी तेच म्हनत हुतो," केरबा म्हणाला. हौसा पण तेच म्हणाली होती. तो समाधानाने परतला.

हौसा दुपारी आली तेव्हा भट्टी विटांनी लिंपून बंद केलेली होती आणि आत जाळ घोंघावत होता. तिने विटेच्या फटीतून बघितलं. नुसता लालभडक उजेड.

"झाकण आत हाय?"

"हाय."

"पुसलं न्हाई?"

"न्हाई."

"आगं बाई!" तिने कपाळाला हात लावला. "कड मी पुसणार हुती की! तशीच ऱ्हायली. आता फळीला चिकटंल ते."

"फळीला न्हाई चिकटायचं," केरबा ठामपणे म्हणाला.

"कशावरनं?"

"फळीवर ठिवलंच न्हाई."

हौसा त्याच्याकडे बघतच राहिली. शिबिरात मातीच्या तीन गोळ्यांवर भांडं अलगद ठेवायला शिकवलं होतं. तसं यांना आपण होऊन सुचलं! लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तिला भरून आलं. त्या दिवशी तिने केरबाला भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त घातला, आणि संध्याकाळी आत्याबाईंसाठी अंथरूण-पांघरूण काढलं. बरणी घासून ठेवायचं तिच्या मनात आलं होतं, पण ते सकाळवर टाकलं.

गुरुवारी केरबा विटा काढत होता आणि त्याच वेळी आत्या दारात हजर झाली. पणतू झाला होता, आत्या खुशीत होती. "बरणी कुठं हाय माझी?" तिने आल्या आल्या विचारलं. "आन् झाकण?"

हौसा खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात केरबाने भट्टीत दोन्ही हात घातले आणि बरणी बाहेर काढली. झाकणासकट.

हौसाच्या हातातलं सूप खाली पडलं.

पण बरणी धड होती. नुसती धड नव्हती, झळकत होती. जुनी झिलई नव्याने वितळून चढली होती, साठ वर्षांचे ओरखडे बुजले होते, आणि झाकण कुठे संपतं नि बरणी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. आत्याने पदराने हात पुसले आणि बरणी कुशीत घेतली.

"झाकण फुटलं हुतं, आत्या," केरबा म्हणाला. त्याला लपवाछपवी येत नव्हती. "म्या त्याच्यावर बसलो. हौसानं नवं केलं."

आत्याने झाकणावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "न्हाई कळत," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आईनं दिली तवा बी एवढी झळकत नव्हती गं. पोरी, तुझ्या हाताला जस हाय." तिने हौसाची अलाबला घेतली. हौसाच्या छातीवरचा धोंडा उतरला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला.

मग आत्याने झाकण उघडायला हात घातला.

झाकण हलेना. तिने पदर खोचला आणि जोर लावला. हौसाने लावला. येसबाअण्णांनी कुडावरून येऊन लावला. न पुसलेली कड वितळून बरणीच्या तोंडाशी एकजीव झाली होती. हौसाला ते कळलं आणि तिने हात मागे घेतला. आत्याला मात्र कळलं नाही.

"किती घट बसलंय, मुंगी सुदिक जायाची न्हाई," आत्या कौतुकाने म्हणाली. "केरबा, उघड बाबा. तुझ्या अंगात जोर हाय."

"कसं उघडू?" केरबाने विचारलं. आता तो विचारल्याशिवाय काही करत नव्हता.

"कसं बी उघड. झाकणाला धक्का लावू नगंस म्हंजे झालं."

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला.

"अवं, थांबा..." हौसा पुढे धावली. पण केरबा आत जाऊन पाट्यावरचा वरवंटा घेऊन आला होता. एका हाताने त्याने झाकण अलगद धरलं, त्याला जराही धक्का लागू नये असं, आणि दुसऱ्या हाताने वरवंटा बरणीच्या पोटात घातला.

बरणी उघडली.

अंगणात सगळीकडे तुकडे झाले. केरबाच्या हातात झाकण राहिलं, बरणीच्या तोंडाचं कडं त्याला चिकटलेलं, पण झाकण अगदी शाबूत. त्याने ते वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"साधा चरा बी न्हाई, आत्या," तो म्हणाला. "झाकण तेवढं जप म्हनाली हुतीस न्हवं?"

आत्याने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे गदगदत होते, आणि ती रडते आहे की हसते आहे ते कुणाला सांगता येईना. आधी रडत असावी आणि मग हसायला लागली असावी. "ह्याला म्याच वाढवलाय," ती पदरातून म्हणाली, "दुसऱ्या कुणाला बोल लावू?"

हौसाने तिला सावरून खाटेवर बसवलं. "आत्याबाई, आईची बरणी मला परत आणता यायची न्हाई," ती म्हणाली, "पण तशीच बरणी मी घडवीन. तोच आकार, तोच रंग. रंग माझ्याजवळ हाय, सात नंबर, कागदावर लिवून ठेवलाय." ती वळली. "अवं, त्यो कागद द्या बघू. कुठं ठिवलाय?"

"तू सांगितलीस तसल्या ठिकाणी," केरबा म्हणाला. "उंदीर न्हाई, वारा न्हाई, आन् कुणी उपडं करायचा न्हाई."

"कुठं?"

केरबाने तुकड्यांकडे बोट दाखवलं. बरणीच्या तळाच्या तुकड्यात चिमूटभर राख होती. हौसा राखेकडे बघत राहिली. आत्याचं हसणं थांबलं. येसबाअण्णा हळूच कुडापलीकडे गेले.

केरबा उकिडवा बसला. त्याने राख बोटाने जरा चाचपून बघितली, झाडावर वाळत घातलेलं फडकं काढून आणलं, आणि या खेपेला अगदी काही चुकू नये म्हणून आधी विचारलं,

"हौसा, वस्त्रगाळ करू?"